परसातला गोठा आणि मुलांची चित्रशाळा

(मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी, महिला व बालगोपाळांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. अनेकांनी मागणी केल्यावरून येथे देत आहोत.)



मला भाषणाची सवय नाही. इतकी वर्षे या उत्सवात मी मोदक वळले, आरतीची ताटे लावली, पण माईक हातात घेण्याची ही पहिलीच वेळ. चिटणीस म्हणाले, "वहिनी, तुमच्या गोठ्याबद्दल बोला." आमच्या गोठ्यात आता गाई नाहीत, मुले आहेत, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. काहींची मुलेच तिथे येतात आणि कपड्यांना रंग लावून घरी परततात. त्याबद्दल सर्व मातांची आधीच क्षमा मागते.

आमचे घर गलाईवाल्यांचे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त देशभर पांगली, तशीच तमिळनाडूतही आली. आमचे मामंजी विट्याजवळच्या गावातून तरुणपणी इकडे आले आणि इथलेच झाले. पुढे दुकान, मागे घर आणि घरामागे परस अशी आमची जागा आहे. परसात पत्र्याच्या दोन शेड. एकीत पूर्वी भट्टी होती. दुसरी म्हणजे मामंजींनी हौसेने बांधलेला गोठा. मामंजी गेले, गाई गेल्या, आणि गोठ्यात लाकूडफाटा, मोडक्या खुर्च्या, रिकामे डबे साठत गेले. आपल्या मंडळाच्या एका जुन्या मखराचे थर्माकोलही तिथेच पडून होते. कोणाचे, ते विचारू नका.

गोष्ट २०१८ च्या उन्हाळ्याची. माझा धाकटा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. शाळेने सुट्टीत "माझे गाव" या विषयावर चित्र काढून आणायला सांगितले होते. त्याने काढले. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नागमोडी नदी, एक झोपडी. मी विचारले, "बाळा, हे कोणते गाव?" तो म्हणाला, "तंजावूर." आता तुम्हीच सांगा, तंजावुरात डोंगर कुठे आहे? कावेरीचा हा सगळा प्रदेश ताटासारखा सपाट. मोठ्या देवळाचे शिखर तेवढे मैलभरावरून दिसते. ते या चित्रात नव्हते. दारापुढचा कोलम नव्हता, कालवा नव्हता, आमचे दुकानही नव्हते. बरे, हे डोंगर विट्याकडचे म्हणावे, तर ते त्याने दोनदाच पाहिले होते, तेही गाडीच्या खिडकीतून. म्हणजे हे चित्र ना इकडचे ना तिकडचे. ते चित्रकलेच्या पुस्तकातले होते.

मला त्या रात्री झोप लागली नाही. आपल्यासारख्या परप्रांतात राहणाऱ्यांची हीच तर खरी चिंता आहे. मूल शाळेत इंग्रजी बोलते, गल्लीत तमिळ बोलते, घरात मराठीत "हो" आणि "नको" एवढेच म्हणते. त्याला जे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते ते सांगायला कोणतीच भाषा नीट हाताशी नसेल, तर ते दुसऱ्याचे डोंगरच काढत बसणार.

मग मनात आले, परसात एवढी जागा पडून आहे, तिथे मुलांना रंगांशी खेळायला जागा करून द्यावी. पहिला विचार भट्टीच्या शेडचा आला. ती मोठी, भिंती पक्क्या, विजेची सोय आधीच झालेली. मी झाडायला सुरुवातही केली होती. शेजारी रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर राहतात, त्यांनी कुंपणावरून विचारले, काय चालले आहे. मी सांगताच ते गंभीर झाले. म्हणाले, "ही खोली मुलांना नको."

कारण त्यांनी समजावून सांगितले ते इथे बसलेल्या सर्व गलाई बांधवांनी ऐकण्यासारखे आहे. चांदी शुद्ध करताना जुन्या पद्धतीत शिसे वापरतात. त्याचा धूर आणि बारीक धूळ भिंतीत, जमिनीत, पत्र्याच्या खाचांत जाऊन बसते. भट्टी बंद होऊन वर्षे लोटली तरी शिसे नाहीसे होत नाही. मुले जमिनीवर बसतात, बोटे तोंडात घालतात. शिशाचा परिणाम मुलांच्या वाढत्या मेंदूवर होतो, आणि त्यांच्यासाठी अमुक इतके शिसे चालेल अशी सुरक्षित मर्यादाच शास्त्रज्ञांना सापडलेली नाही. तेजाबाचे डाग तर जमिनीवर दिसतच होते. मी झाडू खाली ठेवला, अंगावरचे कपडे वेगळे धुतले आणि त्या खोलीला कुलूप लावले. ते आजही आहे. आपल्या घरांत अशा जागा अनेक आहेत. तिथे मुलांना खेळू देऊ नका आणि तिथली धूळ कोरडी झाडू नका, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

राहिला गोठा. दहा फूट रुंद, सोळा फूट लांब. दोन बाजूंनी विटांच्या अर्ध्या भिंती, वर पत्रा. सरांच्या सल्ल्याने आणि घरातल्या सर्वांच्या मेहनतीने त्याचे काय केले ते थोडक्यात सांगते, म्हणजे कोणाला करायचे असेल तर उपयोगी पडेल.

पहिला शत्रू ऊन. मे महिन्यात इथे पत्र्याखाली बसवत नाही. पत्र्यावर आम्ही नारळाच्या झावळ्यांचे विणलेले कीट्रू अंथरून बांधले. त्याने सावली दाट झाली आणि खाली बसण्यासारखे झाले. दुसरी गोष्ट उजेड. छपराचे दोन पत्रे काढून तिथे उजेड आत येईल असे पारदर्शक पत्रे घातले. तिसरी ओल. आपल्याकडे मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडचा. कागद भिजू नयेत म्हणून जमीन वीतभर उंच केली आणि कागदांसाठी झाकणाची पत्र्याची पेटी ठेवली. चौथी गोष्ट भिंती. त्यांना तेलरंग न देता चुना दिला. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या आत असले पाहिजे असा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, तेव्हा रंग घ्यायचाच असेल तर डब्यावर ते पाहून घ्यावा. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून ते काम मोठ्यांनीच केले.

साहित्याला बाजारात जावे लागलेच नाही म्हटले तरी चालेल. कागद म्हणजे दुकानातल्या जुन्या वह्यांची कोरी पाने आणि लग्नपत्रिकांच्या पाठी. तमिळ शेजाऱ्यांकडे पत्रिकांची काय कमी! करवंट्या जाळून कोळसा झाला. चिंचोक्याची खळ झाली. लाल रंगाला काव आणली. दुकानदाराला मी खुणा करून मागत होते, तर तो म्हणाला, "कावी!" आपली काव आणि त्यांची कावी एकच निघाली. कोलमच्या कडेला तमिळ बायका तांबडी रेघ ओढतात ती हीच. मुलांना एवढा आनंद झाला, जणू दोन भाषांची सोयरीक त्यांनीच जुळवली.

माती कालव्याची. कल्लणै कालवा आपल्या गावातूनच जातो. मेट्टूर धरणाचे पाणी रिवाजाप्रमाणे १२ जूनला सोडतात. त्याआधी उन्हाळ्यात कालव्याच्या तळाशी जो मऊ गाळ मिळतो, त्याला इथे वंडल म्हणतात. तो चाळून, भिजवून ठेवला की वर्षभर पुरतो.

आता माझी फजिती सांगते. पहिल्या रविवारी अठरा मुले आली. आपली होती, जुन्या मराठी घरांतली होती, गल्लीतली तमिळ होती, दुकानातल्या कामगारांचीही होती. मला वाटले, काहीतरी शिकवले पाहिजे. मी फळ्यावर मोर काढला. मोराचे पाय मला जमले नाहीत, गुडघे उलटे झाले. तासाभराने पाहते तर अठरा मुलांनी अठरा मोर काढलेले, आणि अठराही मोरांचे गुडघे उलटे! पुस्तकातल्या डोंगरांना मी नावे ठेवली होती, आणि स्वतः तेच करून बसले.

त्या दिवसापासून मी फळ्यावर चित्र काढणे सोडले. आमच्या गोठ्याचे नियम थोडेच आहेत. मोठ्यांनी मुलाच्या कागदावर हात फिरवायचा नाही. "हे काय काढलेस?" असे दरडावून विचारायचे नाही, "मला सांग ना" म्हणायचे. नंबर नाही, बक्षीस नाही. कोणत्याही भाषेत बोलावे, पण बोलावे. आणि जाताना प्रत्येकाने आपली जागा झाडायची.

हे काही मी नवीन शोधून काढलेले नाही. नंतर वाचू लागले तेव्हा कळले की आपल्या महाराष्ट्रातच थोर माणसांनी हे करून ठेवले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे काम सुरू केले. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आज देशभर रूढ झालेल्या अंगणवाडीच्या कल्पनेचे मूळ तिथे आहे. महागडी खेळणी नाहीत तर शंख, शिंपले, बिया, पाने घेऊन त्यांनी साधने बनवली. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिकडे वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत, शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद हे कलाशिक्षक होते. कला हा शिक्षणाचा पाया आहे, शोभेची पुरवणी नव्हे, असे ते मानत आणि तसेच शिकवत.

आणि तंजावूरकरांना तर दूर जायलाच नको. आपण ज्यांच्या नावाने अभिमानाने छाती फुगवतो त्या सरफोजीराजांकडे पाहावे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला, महाराजांकडे किल्ला आणि आसपासचा थोडा मुलूख राहिला. त्यांनी आपले आयुष्य विद्येला वाहिले. राजवाड्यात छापखाना घातला आणि तिथे १८०६ मध्ये मराठीत पुस्तक छापले, ते कोणते? इसापाच्या गोष्टींचे, "बालबोध मुक्तावली". ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रात मुलांना जेवणही मिळे आणि विद्याही मिळे. जगाचा भूगोल शिकवायचा तर त्यांनी "देवेंद्र कोरवंजी" हे मराठी नाटक रचले, ज्यात भविष्य सांगणारी कोरवंजी गाण्यांतून देशोदेशींची माहिती सांगते. आपल्या सरस्वती महालाची कीर्ती जगभर आहे. पण ज्या राजाने एवढे ग्रंथ जमवले, त्याला मुलांसाठी गोष्टी छापाव्याशा वाटल्या, हे मला अधिक मोलाचे वाटते.

गावातली कलाही गोठ्यात आली. तंजावूरच्या चित्रात आधी फळीवर कापड चिकटवतात, त्यावर खडूच्या भुकटीचा लेप देतात, मग नक्षीला उठाव आणून खडे बसवतात आणि सोन्याचा वर्ख लावतात. आम्ही पुठ्ठा, जुने धोतर आणि खळ घेऊन तेच केले. वर्खाच्या जागी चॉकलेटचे चंदेरी कागद. डोलणारी तंजावूर बाहुली करताना मुलांना कळले की तिचा बुंधा गोल आणि जड ठेवला तरच ती आडवी पडून पुन्हा उभी राहते. एका मुलाने बुंधा हलका केला, त्याची बाहुली उठेचना. तो रडला नाही, त्याने बुडाला आणखी माती थापली. हे कोणत्या पुस्तकातून शिकवता आले असते?

सगळे सुरळीत चालले होते. मग आले गज वादळ. १६ नोव्हेंबर २०१८ ची ती पहाट आपण कोणीच विसरणार नाही. वेदारण्यमच्या बाजूने वादळ जमिनीवर आले, आणि पट्टुक्कोट्टै, पेरावुरणी, ओरत्तनाडूकडे नारळाच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. आमच्या गोठ्याचे कीट्रू उडाले, चार पत्रे शेजारच्या परसात जाऊन पडले, कागदांची पेटी तेवढी वाचली. आठवडाभर वीज नव्हती. नेमके त्याच सुमारास एका व्यापाऱ्याने विचारणा केली की परस आम्हाला गोदामासाठी भाड्याने द्या, छप्पर आम्ही घालू. धंद्याचे दिवस कसे आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. सोने तपासायची यंत्रे आली आणि आपल्या हातच्या कसबाची गरज कमी झाली. घरात हिशोब मांडला, आणि खरे सांगते, भाडे घ्यावे असे मलाही वाटू लागले होते. मुलांचे काय, ती कुठेही खेळतील, असे मी स्वतःच्या मनाला समजावत होते.

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी मुले न बोलावता आली. छप्पर नाही, वर उघडे आभाळ, तरी आपापल्या जागी बसली. त्यांनी पेटी उघडली. पट्टुक्कोट्टैजवळ जिच्या आजोबांची बाग गेली होती, ती मुलगी एरवी कधी बोलत नसे. तिने कागदभर नुसत्या आडव्या रेघा काढल्या. मी म्हटले, "मला सांग ना." तिने एकेका रेघेवर बोट ठेवून मोजायला सुरुवात केली, तमिळमध्ये. त्या रेघा म्हणजे आजोबांची पडलेली झाडे होती. ती मोजत होती आणि भोवतालची सगळी मुले गप्प ऐकत होती. मोजून झाल्यावर ती म्हणाली, विहिरीजवळचे एक उभे आहे. आणि ते तिने कागदाच्या कोपऱ्यात उभे काढले.

माझ्या मुलाने त्या दिवशी काढलेले चित्र मी जपून ठेवले आहे. सपाट जमीन. मागे देवळाचे शिखर. पुढे पत्रा नसलेला गोठा, त्यात टाचणीएवढी मुले. डोंगर नाही. ते चित्र मी जेवताना मालकांसमोर ठेवले, काही बोलले नाही. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "भाड्याचं नंतर बघू. आधी पत्रा घालू." पत्रा घातला. ते नंतर अजून आलेले नाही.

पुढे त्या मुलाने ते चित्र फोनवर विट्याच्या आजीला दाखवले. आजी विचारू लागली, हे काय, ते काय. "हा कालवा. हे शिखर. हा पत्रा उडाला." शब्द सापडेना की तो माझ्याकडे पाही, मी हळूच सांगे, की पुन्हा त्याची गाडी पुढे. एवढे मराठी तो आजीशी त्याआधी कधी बोलला नव्हता. मराठी बोल, मराठी बोल, म्हणून मी वर्षानुवर्षे त्याच्या मागे लागले होते. सांगण्यासारखे काही हाताशी आले तेव्हा भाषा आपोआप आली.

गोठ्याच्या भिंतींवरही मुले चित्रे काढतात. तमिळ घरांत पोंगलच्या आधी, भोगीला, जुने काढून टाकून घर स्वच्छ करतात. आम्हीही दर भोगीला भिंतींना नवा चुना देतो. पहिल्या वर्षी मुले रडकुंडीला आली. आता वाट पाहतात, कारण भिंत कोरी मिळते. मार्च २०२० मध्ये सगळे बंद झाले तेव्हा मात्र भिंत दोन भोगी तशीच राहिली. ती जुनी चित्रे पाहताना जीव कासावीस होई. पुन्हा मुले आली, पुन्हा चुना लागला. माझा मुलगा आता माझ्याहून उंच झाला आहे, यंदा चुना त्यानेच दिला.

आता मंडळाला दोन गोष्टी मागते आणि थांबते. पहिली, उत्सवातली चित्रकला स्पर्धा बंद करा असे मी म्हणत नाही, ज्येष्ठांनी ती प्रेमाने चालवली आहे. पण एक दिवस असा ठेवावा की ज्यात नंबर नसतील. मुलांनी कालव्याच्या मातीचे छोटे गणपती करावेत, वेडेवाकडे का होईना, आणि ते सर्वच्या सर्व बाप्पाच्या मूर्तीशेजारी मांडावेत. दुसरी, मला माणसे हवी आहेत. पैसे नकोत. एका फ्लेक्स फलकाच्या खर्चात आमचे वर्ष निघते. पण दर रविवारी दोन तास एक मोठे माणूस तिथे लागते, जे शिकवणार नाही, रागावणार नाही, फक्त बसेल आणि ऐकेल. माझे वय होत चालले. आम्ही उद्या गावी परतलो तर गोठ्याची किल्ली कोणाच्या हाती द्यायची, हा प्रश्न मला रात्री पडतो. महिन्यातला एक रविवार देणारी चार माणसे आज या सभेतून मिळाली, तर तो सुटेल.

ज्यांना जमेल त्यांनी आरतीनंतर मला भेटावे. मी प्रसादाच्या टेबलापाशी असेन.

बोलण्यात काही चुकले असेल तर लहान समजून क्षमा करावी.

गणपती बाप्पा मोरया!